भाड्याचा फ्लॅट, छताला हूक नाही; महालक्ष्म्यांचा मांडव घरच्याच सामानातून कसा करू?

त्रिमूर्तीनगरची सून
यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच आमच्याकडे बसणार. आतापर्यंत नागपूरच्याच महाल भागात भासऱ्यांकडे बसायच्या. जुनं घर, आढ्यालाच फुलोऱ्याची, म्हणजे देवीवर टांगायच्या तळलेल्या पदार्थांची, चौकट टांगायचे. इथे घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. इतवारीत तयार मखर पाहून आली. थर्माकोल २०१८ पासून बंद, म्हणून फोमशीटचे ठेवले आहेत, म्हणजे तेही प्लास्टिकच. किंमत ऐकून परत फिरली. घरात जुन्या साड्या, पडद्याचे रॉड, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, आईच्या काचेच्या बांगड्या आहेत. कूलर काढून ठेवले, त्यांचे दोन लोखंडी स्टँड मोकळे पडले आहेत. एवढ्यात होईल काय?

महालची काकू
होईल न, काहून नाही होणार! पण साड्यांचा विचार मागून कर, आधी फुलोऱ्याचं वजन पाह्य. करंज्या, पापड्या, वेणी, फणी सगळं टांगलं की बरंच भरते. पडद्याचा पातळ रॉड मधातून वाकते.

दोन्ही स्टँड दोन बाजूंना ठेव. प्रत्येकाच्या मागच्या पायाला कपडे वाळवायचा बांबू उभा बांध. सुतळीचे दोन बंध पाहिजेत, एक खाली जमिनीजवळ, एक स्टँडच्या वरच्या पट्टीला. एकाच बंधावर बांबू डुलते. स्टँडवर २० लिटरची पाण्याची भरलेली कॅन ठेव, जागचा हलणार नाही. वरती आडवा बांबूच बांध. रॉड फेकू नको, त्याची कडी-कडी काढून आडव्या बांबूत ओव. एकेका कडीला फुलोऱ्याचा एकेक दोरा. मग मुखवट्यासमोर पापडी आली तर दोरा नुसता सरकवायचा, सोडून बांधायची कटकट नाही.

आणि भोकं कच्च्या पापडीलाच पाड, तळल्यावर पाडायला गेलं की तुटते. भादव्यातली हवा दमट, म्हणून तळलेलं डब्यातच राहू दे, टांगायचं अगदी शेवटी.

पडदेवाला, सक्करदरा
काकूंचं बरोबर आहे. कापडाचं मी सांगतो, रोजचं काम आहे. ताई, साडी कापू नका आणि स्टेपलर तर बिलकुल नको, रेशमाचा धागा ओढला जाते. आडव्या बांबूवर आधी जुनी सुती साडी पसरवा, तिच्यावर काठापदराची साडी चुण्या घालून सेफ्टीपिनांनी लावा. पिन टोचायची ती सुतीच्या जाडीत आणि काठाच्या उलट्या बाजूने. स्टँड न कॅन त्याच चुण्यांमागे झाकल्या जातात.

शिफॉन, जॉर्जेट मागच्या भिंतीच्या बाजूला, समईपासून लांब. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून चिकटते. माळा एलईडीच्याच लावा.

धरमपेठ, जुना सभासद
कल्पना छान आहे, पण वर्षभर कूलरखाली गंजलेला स्टँड देवाजवळ? आमच्याकडे चाललं नसतं.

महालची काकू
भाऊ, आमच्या आजीकडे वर्षभर ज्या कोठीत ज्वारी भरायची, तीच धुऊन-पुसून महालक्ष्मीचं धड व्हायची. तिच्यावर मुखवटा चढला की कोणी विचारत नसे आत काय होतं. गंज काचकागदानं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, कोरडा करा, वरून पांढरं कापड. नेसलेल्या साडीचं मात्र घरोघरी वेगळं असते. पोरी, तेवढं तुझ्या सासूबाईंना विचारून घे.

त्रिमूर्तीनगरची सून
विचारलं. मांडवाला धुतलेली चालेल, महालक्ष्म्यांना मात्र कोरीच. स्टँडवर त्यांना आक्षेप नाही, उलट त्याच म्हणाल्या की महालक्ष्म्यांची बाळं ठेवायला आणखी एक छोटा पाहिजे होता.

बांगड्यांचं तोरण ओवून राहिली, हिरव्या मधात, लाल कडेला. पत्रिकांचं अडलं आहे. जवळजवळ प्रत्येकीवर गणपती छापला आहे, कापून कमळं करायची तर तो कैचीखाली येते.

पडदेवाला, सक्करदरा
मग पत्रिका राहू द्या, पाकिटं घ्या. सोनेरी जाड कागद असते न, त्याची कमळं जास्त ताठ उभी राहतात.

महालची काकू
आणि आडवा बांबू बांधायच्या आधी कोठीवर मुखवटा ठेवून उंची मोज. वर निदान हातभर जागा सोड, नाहीतर वेणी मुकुटाला लागते.