मदत हवी आहे: डिस्क पुसलेल्या ३६० अंशी लॅपटॉपवर स्क्रीन फिरत नाही, टॅबलेट मोडही लागत नाही

टाकदौत

नमस्कार मंडळी,

भावाच्या ऑफिसने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना विकत दिले, त्यातला एक त्याने माझ्यासाठी घेतला. स्क्रीन पूर्ण मागे वळून टॅबलेट होणारा आहे. इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बाहेर देण्याआधी त्यांच्या नियमाप्रमाणे डिस्क पुसलेली होती आणि त्यासोबत रिकव्हरी पार्टिशनही गेलेले होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी थेट विंडोज ११ टाकले. हा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्यामुळे अडचण आली नाही. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाले.

मला हाच लॅपटॉप का हवा, ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. मी मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग घेते. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जातात. हे फळ्यावर किंवा माउसने दाखवता येत नाही. मुलांना रेघ कुठून सुरू झाली, हात कुठे वळला, दाब कुठे वाढला हे डोळ्यांसमोर घडताना दिसावे लागते. त्यासाठी स्क्रीन उलटी वळवून, टेबलावर सपाट ठेवून, उभ्या पानावर पेनने लिहायचे आहे.

आतापर्यंत झालेले असे. विंडोज टाकल्यावर वायफायच नव्हते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केले, तेव्हा इंटरनेट आले. मग विंडोज अपडेटने वायफाय, ग्राफिक्स आणि आवाजाचे ड्रायव्हर (म्हणजे तो तो भाग विंडोजला चालवता यावा यासाठीची सॉफ्टवेअर) आणले. टच तरीही मेलेलाच होता आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचस्क्रीनचे नावही दिसत नव्हते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट आणि ‘सीरियल आयओ’ हे दोन ड्रायव्हर टाकले, रीस्टार्ट केले, आणि टच व पेन दोन्ही सुरू झाले. पेनचा दाबही बरोबर ओळखला जातो.

आता उरलेली अडचण. स्क्रीन उभी धरली तरी चित्र फिरत नाही. मागे वळवली तरी कीबोर्ड चालूच राहतो, त्यामुळे हातात धरला की बोटांनी मागच्या कळा दाबल्या जाऊन भलतेच टाइप होते. सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीनची दिशा हाताने बदलता येते, पण वर्ग चालू असताना पुन्हा पुन्हा ते करणे जमत नाही. विंडोज १० मध्ये टॅबलेट मोडचे बटण हाताने दाबता यायचे, ११ मध्ये ते काढून टाकले आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह हे दिसते: एक ‘पीसीआय डिव्हाइस’, ज्याच्या हार्डवेअर आयडीत व्हीईएन_८०८६ आणि डीईव्ही_९डी३५ आहे, आणि दोन ‘अननोन डिव्हाइस’, त्यांच्या आयडीत आयएनटी३३डी५ आणि आयएनटी३३डी६. तिन्हींवर कोड २८ आहे, म्हणजे ड्रायव्हर नाही.

लॅपटॉपच्या तळावरचे स्टिकर पुसट झाले आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच नावाची दोन मॉडेले दिसतात. एकाच्या यादीत सेन्सरचा ड्रायव्हर आहे, दुसऱ्याच्या यादीत नाही. दोन्हीकडे सगळे विंडोज १० चेच आहे. चुकीच्या मॉडेलचे टाकले तर टच आणि पेन जे चालू झाले आहे तेही बिघडेल अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे: हे तीन नेमके काय आहेत, आणि कशाच्या मागे लागू? आगाऊ धन्यवाद.

---

रातकिडा

ड्रायव्हर आपोआप शोधून टाकणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. एक टाका, सगळे त्रिकोण जातील. मी ऑफिसच्या डेस्कटॉपवर तेच वापरतो.

---

घाटमाथा

ताई, तुम्ही हार्डवेअर आयडी दिलेत हे फार बरे केलेत. निम्मे लोक फक्त ‘ड्रायव्हर गायब आहेत’ एवढेच लिहितात आणि मग सगळ्यांना अंदाज बांधत बसावे लागते.

व्हीईएन म्हणजे चिप बनवणारा. ८०८६ म्हणजे इंटेल. ९डी३५ म्हणजे इंटेलचा इंटिग्रेटेड सेन्सर हब. तुमची स्क्रीन न फिरण्याचे कारण हेच. लॅपटॉप कसा धरला आहे हे सांगणारा ॲक्सिलरोमीटर या हबच्या मागे बसलेला असतो. हबला ड्रायव्हर नाही, म्हणून विंडोजच्या दृष्टीने लॅपटॉपमध्ये सेन्सरच नाही. टचचेही असेच झाले होते. टचस्क्रीनला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच असतो. पण टच ज्या आय-स्क्वेअर-सी वाटेने जोडलेला असतो, ती वाट ‘सीरियल आयओ’ उघडतो. साकव वाहून गेला की पलीकडची वाडी जागेवर असूनही तिथे पोचता येत नाही, तसे. म्हणून टचचे नावही दिसत नव्हते.

आयएनटी३३डी५ म्हणजे इंटेल एचआयडी इव्हेंट फिल्टर आणि आयएनटी३३डी६ म्हणजे इंटेल व्हर्च्युअल बटन. स्क्रीन मागे वळली की ‘आता मी टॅबलेट आहे’ हा निरोप लॅपटॉपचे फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच भरलेले सॉफ्टवेअर) देते, आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये तो या दोघांपैकी एकामार्फत विंडोजला पोचतो. कीबोर्ड बंद न होण्याचे मूळ बहुधा इथेच असेल. बहुधा म्हणतो, कारण काही मॉडेलांत कीबोर्ड बंद करण्याचे काम फर्मवेअर परस्पर करते.

आता मॉडेल. स्टिकरवर अवलंबून राहू नका. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. त्यात ‘सिस्टिम मॉडेल’ आणि ‘सिस्टिम एसकेयू’ (नेमक्या मॉडेलचा कंपनीचा क्रमांक) या ओळी आहेत. ही माहिती बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधून येते, डिस्क कितीही वेळा पुसली तरी ती जात नाही. एसकेयूचा आकडा कंपनीच्या शोधचौकटीत टाका, नेमके पान उघडेल. विंडोज १० चे ६४ बिट ड्रायव्हर ११ वर सहसा चालतात, त्याची काळजी नको.

आणि रातकिडा, राग मानू नका, पण अशा लॅपटॉपवर ती सॉफ्टवेअर नकोच. डेस्कटॉपवर एक वेळ ठीक. इथे सेन्सर कोणत्या दिशेने बसवला आहे, बिजागर कोणत्या कोनात गेल्यावर टॅबलेट मानायचे, हे त्या त्या मॉडेलचे असते. ती सॉफ्टवेअर चालू असलेले ड्रायव्हरही ‘नवीन मिळाला’ म्हणून बदलतात, शिवाय सोबत नको असलेले काही बसवून जातात. ताईंचा चालू असलेला टच मला पणाला लावायचा नाही.

---

पाटीपेन्सिल

घाटमाथा यांनी सांगितलेले बरोबरच आहे. एक जोडतो. ड्रायव्हर शोधण्याआधी सेन्सर जिवंत आहे का हे बघून घ्या, कारण जुना लॅपटॉप आहे. पेनड्राइव्हवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) घेऊन त्यावरून फक्त ‘ट्राय’ करा, इन्स्टॉल नको. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, या सेन्सर हबचा ड्रायव्हर आधीपासून आहे. तिथे स्क्रीन फिरली तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि प्रश्न फक्त विंडोजच्या ड्रायव्हरचा आहे. न फिरली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, काही मॉडेलांना तिथेही जुळवाजुळव लागते.

---

टाकदौत

दोघांचेही मनापासून आभार. उबंटूवर स्क्रीन फिरली! उभी धरली की उभी, आडवी की आडवी. म्हणजे सेन्सर चांगला आहे, फार हायसे वाटले.

एसकेयू मिळाला. त्यावरून उघडलेले पान ज्या मॉडेलचे आहे, त्याच्या यादीत सेन्सरचा ड्रायव्हर आहे. नाव ‘इंटेल इंटिग्रेटेड सेन्सर सोल्यूशन’. तो उतरवून चालवला, पण ‘ही ऑपरेटिंग सिस्टिम चालणार नाही’ असा संदेश देऊन तो बंद होतो. आता?

---

घाटमाथा

हा अडसर बहुतेक वेळा फक्त वरच्या सेटअपचा असतो, आतल्या ड्रायव्हरचा नाही. सेटअप विंडोजची आवृत्ती तपासतो आणि थांबतो. त्याला बाजूला ठेवा.

ती फाइल चालवली की बरेचदा आधी ‘एक्स्ट्रॅक्ट’चा पर्याय देते. न दिल्यास ७-झिपने उघडून फोल्डरमध्ये काढा. आत .आयएनएफ शेपटीची फाइल असलेला फोल्डर सापडेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ‘पीसीआय डिव्हाइस’वर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स’, तो फोल्डर दाखवा आणि सबफोल्डरची खूण राहू द्या. विंडोज आयडी जुळवून पाहते. जुळला तरच टाकते, नाही तर नकार देते. त्यामुळे यात चुकीचा ड्रायव्हर बसण्याची भीती सेटअप चालवण्यापेक्षा कमी आहे.

कंपनीच्या पानावर काही सापडलेच नाही, तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे शोधचौकटीत हार्डवेअर आयडी टाकला तर ड्रायव्हरची .कॅब फाइल मिळते. ती उघडूनही हेच करायचे. त्याआधी विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. ड्रायव्हर अनेकदा तिथे पडून असतात आणि आपण निवडल्याशिवाय उतरत नाहीत.

बसला की दोन ठिकाणी खात्री करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सेन्सर्स’ अशी नवी फांदी आली पाहिजे. आणि सेटिंग्जच्या डिस्प्लेमध्ये ‘रोटेशन लॉक’ची ओळ आली पाहिजे. ओळच नसेल तर विंडोजला सेन्सर सापडलेला नाही. ओळ आहे पण राखाडी आहे, तर सेन्सर सापडला आहे आणि लॅपटॉप उघडा असल्यामुळे ती दाबता येत नाही. दोन्हींत फार फरक आहे.

---

लालमाती

धागा वाचून माझ्याही लॅपटॉपकडे वळलो. माझा रायझनवाला आहे, स्क्रीन फिरत नाही, पण ९डी३५ कुठेच नाही. व्हीईएन_१०२२ आणि डीईव्ही_१५ई४ दिसते.

---

घाटमाथा

१०२२ म्हणजे एएमडी. १५ई४ हा त्यांचा ‘सेन्सर फ्यूजन हब’. काम तेच, घराणे वेगळे. इंटेलचे काहीही टाकू नका, कंपनीच्या पानावर एएमडी चिपसेटच्या गठ्ठ्यात किंवा वेगळ्या नावाने मिळेल.

जाता जाता, कोणाकडे स्वस्तातला, कीबोर्ड निघणारा ॲटम प्रोसेसरचा टॅबलेट असेल तर त्याने डिस्क पुसण्याआधी थांबावे. त्यांतल्या पुष्कळांत सिलीड कंपनीची टच चिप असते आणि तिला ड्रायव्हरसोबत त्या काचेपुरती बनवलेली फर्मवेअर फाइल लागते. दुसऱ्या मॉडेलची फाइल टाकली तर टच उलटा होतो, उजवीकडे बोट ठेवले की डावीकडे उमटते. अशा यंत्रांचे बनवणारे अनेकदा बाजारातून गायब झालेले असतात, त्यामुळे ती फाइल परत मिळवणे फार अवघड जाते.

---

टाकदौत

बसला! सांगितल्याप्रमाणे .आयएनएफचा फोल्डर दाखवला, काही क्षण स्क्रीन काळी झाली आणि त्रिकोण गेला. ‘सेन्सर्स’ची फांदी आली, रोटेशन लॉकची ओळही आली. चित्र फिरते आहे.

त्याच पानावर इव्हेंट फिल्टर आणि व्हर्च्युअल बटन हे दोन्ही मिळाले, तेही तसेच टाकले. आता पिवळे काहीच उरलेले नाही. पण लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, मागे वळवला, तरी कीबोर्ड चालूच आहे.

---

घाटमाथा

‘शट डाउन’ने नाही, ‘रीस्टार्ट’ने करून पाहा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल तर शट डाउन केल्यावर कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. पूर्ण बंदच करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

---

टाकदौत

रीस्टार्ट केले आणि झाले! स्क्रीन मागे गेली की कीबोर्ड गप्प. टास्कबारवरची चिन्हेही मोकळी मोकळी होतात. पेनने उभ्या पानावर शिरोरेघ ओढून पाहिली, टेकलेल्या हाताने काही बिघडत नाही. घाटमाथा, पाटीपेन्सिल, किती आभार मानू? शनिवारचा वर्ग यावरच घेणार आहे.

एकच विचारते. इतक्या खटपटीने जमवलेले हे ड्रायव्हर जपून कसे ठेवायचे?

---

घाटमाथा

आजच करून ठेवा. पेनड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर तयार करा. टर्मिनल ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ही आज्ञा द्या: पीएनपीयुटिल, जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, जागा, तारांकन, जागा, आणि फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर तिथे उतरतील. पुन्हा कधी विंडोज टाकावे लागले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक त्रिकोणाला हाच फोल्डर दाखवायचा. वायफायचा ड्रायव्हरही त्यात असेल, फोन जोडायची गरज पडणार नाही.

पेनड्राइव्हवर मॉडेल आणि एसकेयू लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

---

लालमाती

एएमडीचा सेन्सर ड्रायव्हर चिपसेटच्या गठ्ठ्यात होता, वेगळ्या फोल्डरमध्ये. .आयएनएफ दाखवून बसवला, माझीही स्क्रीन फिरली. ताई, धाग्याच्या नावात ‘सुटले’ असे लिहाल का? शोधणाऱ्याला सापडेल.

---

टाकदौत

ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवले, चिठ्ठीही लावली. नाव संपादकांना बदलायला सांगते.