अनुभव धागा : म्हातारपण तुम्हाला कोणाकडून कळले?

साठी ओलांडली की कायद्याच्या लेखी माणूस ज्येष्ठ नागरिक होतो; पण त्याला म्हातारे ठरवणारी माणसे बहुधा अवतीभवतीचीच असतात, आणि ती हे कधी वेळेआधी ठरवतात, तर कधी आपल्या सोयीने. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांनी स्वतः लिहावे, ही विनंती. घरातील वृद्धांचे अनुभव त्यांच्या संमतीने लिहिले तरी चालतील.

निवृत्त शिक्षिका, सातारा
मी ५८ व्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा शरीराची काहीच तक्रार नव्हती. निरोप समारंभात मला जवळजवळ प्रत्येक वक्त्याने ‘आता नातवंडांत रमा’ असे सांगितले. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या गुरुजींना मात्र ‘पुढे काय करायचे ठरवले आहे’ असे विचारले गेले. पुढे गुडघे दुखू लागले म्हणून मुलाबरोबर दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी ‘आईंना रात्री झोप लागते का’ असे मुलाला विचारले. उत्तर मी दिले, तरी पुढचा प्रश्नही त्यालाच आला. दुखणे माझे, पथ्य माझे, आणि बोलणे त्या दोघांचे. तेव्हापासून मी तपासणीला एकटीच जाते. मुलाला ते आवडत नाही, पण माझ्या शरीराविषयी मला विचारले जावे, यासाठी मला ते आवश्यक वाटते.

नातू, बीड जिल्हा (आजीच्या संमतीने)
आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती त्या जोडीच्या ताकदीवर. आजीची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नाही; मुकादमाने ज्या वर्षी ‘तुमचा कोयता आता नको’ म्हटले, त्या वर्षापासून ती गावाच्या लेखी म्हातारी झाली. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामे होते ते उन्हाळा लागल्यावर भरते. तोवर नातवंडांची शाळा, शेळ्या, पाणी, आजारपणे हे सारे मागे राहिलेली वृद्ध माणसेच सांभाळतात, आणि तरीही ‘घरी बसून असते’ असेच तिच्याबद्दल बोलले जाते. आजी म्हणते, “फडात मोळ्या तरी मोजत्यात, घरचं काम कोण मोजतंय?” गरजू वृद्धांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये तिला मिळतात, त्यासाठी वयाचा दाखला मिळवताना पुष्कळ हेलपाटे झाले. ज्यांना मुकादमाने म्हातारे ठरवायला कागद लागला नाही, त्यांच्याकडून सरकारने इतके कागद मागावेत, याचे मला फार वाईट वाटते.

सूतगिरणीतील निवृत्त कामगार, इचलकरंजी
सुताच्या कामात माझ्या बोटांचे ठसे पुसट झाले. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला देताना यंत्र ते ओळखेना, आणि समोर उभा असलेला मी जिवंत आहे हे सिद्ध होईना. पेन्शन फार नाही. ईपीएस-९५ या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या पेन्शन योजनेची किमान रक्कम २०१४ पासून एक हजार रुपयेच आहे. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. ठशांची अडचण असलेल्यांनी तो मार्ग जरूर वापरावा.

वय ७७, अकोला
माझा अनुभव आनंदाचा आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढील सर्वांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मुलाकडे भाड्याचे पैसे न मागता मी बहिणीला भेटायला बुलढाण्याला जाऊ लागलो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. ती पुन्हा सुरू व्हायला हवी.

निवृत्त वकील, ठाणे
वृद्ध पक्षकार माझ्याकडे येत, ते बहुधा घर मुलाच्या नावावर करून दिल्यानंतर, आणि पुष्कळदा ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तक्रार न करताच परत जात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. तेथे अर्ज करण्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ती अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, आणि मुलाला राग येईल म्हणून ती गाळू नये.