‘पाणथळ’ म्हटलं की भाताचा मळा त्यात येतो का?

भातखाचर: पावसाळी दिवसातल्या पक्षीनिरीक्षणाचा एक इंग्रजी वृत्तान्त मराठीत आणतेय. सकाळी धामापूरचा तलाव, दुपारी भाताचे मळे, संध्याकाळी खाडीलगतचं खाजण. मुळात तिन्हींना ‘वेटलँड’. मी तिन्हीकडे ‘पाणथळ’ लिहिलं. मालवणच्या मावशीने वाचता वाचताच अडवलं, “तळं कसं गो पाणथळ?” काय लिहू?

खाडीकाठ: मावशींचं बरोबर आहे. आमच्याकडे ‘तो कोपरा पाणथळ आहे, तिथे घर बांधू नको’ असं म्हणतात. स्थळाचं थळ झालंय, म्हणजे पायाखाली जमीन हवीच. तळं ते तळं.

आडगाव: ‘आर्द्रभूमी’ लिहा. नेमका शब्द आहे.

खाडीकाठ: हिंदीतून उचललेला आहे. गुडघाभर चिखलात लावणी करणारी बाई ‘आर्द्र’ म्हणेल का?

आडगाव: स्वर आर्द्र झालेला चालतो, मग जमीन का नको? आणि लावणी करणारी बाई ‘पाणथळ’ तरी कुठे म्हणते, ती ‘मळा’च म्हणते.

पाणकावळा: आधी व्याख्या बघा. 1971च्या रामसर करारात, म्हणजे वेटलँड जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, तळी, दलदली, माणसाने केलेले जलाशय, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रसुद्धा येतो. आपल्या 2017च्या केंद्रीय नियमांनी मात्र भातशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या. धामापूरचा तलाव 1530चा, आणि 2020 साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो सिंचनाची रचना म्हणूनच! शब्द सैल वापरला तर पुढे कुणीतरी ‘हे पाणथळ नव्हेच’ म्हणत भराव घालायला मोकळा. म्हणून मी तिन्हीला पाणथळच म्हणेन, हट्टाने. भर पावसात ढोकरी, म्हणजे तो छोटा बगळा, मळ्याच्या बांधावर पाठ गडद तांबडी करून उभी असते, तिला कुठले नियम?

खाडीकाठ: मग खाजणाचं काय? भरतीचं खारं पाणी, बांध फुटला की कांदळ माजणार. इतका नेमका शब्द ‘पाणथळ’मध्ये बुडवायचा? मला तर वाटतं ‘खार’ आणि ‘रान’ मिळूनच खाजण झालं.

आडगाव: ‘र’चा ‘ज’ कसा झाला ते सांगा आधी. आणि ढोकरी नव्हे, वंचक. पुस्तकांत तेच आहे.

पाणकावळा: पुस्तकांत दोन्ही सापडतील. आजी ढोकरी म्हणायची, मीही तेच म्हणणार.

भातखाचर: माझ्या मजकुरात ढोकरी आहेच, पण आधी ते पाणथळ…

आडगाव: वंचक म्हणजे फसवणारा. बसलेला असताना मातकट, दिसतच नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र. इतकं निरीक्षण ‘ढोकरी’त कुठे आहे?

खाडीकाठ: पक्षी जीव वाचवायला मातीत मिसळतो, त्याला फसवणारा म्हणायचं? हे नाव मला कधीच पटलेलं नाही. ढोक हा मोठा, ढोकरी ही लहान, एवढं पुरे आहे.