नेपियरमध्ये द्विदल हवंच, पण एकटं द्विदलही नको

चाऱ्याच्या चर्चेत एक सल्ला आला की संकरित नेपियर हे गवत एकटंच लावावं, चवळीसारख्या द्विदलासोबत मिश्र पिकात चाऱ्याचं वजन घटतं. युरिया भरपूर द्यायची तयारी असेल तर पहिल्या वर्षापुरतं ते खरं आहे. पण मुख्यतः युरोपात ३१ ठिकाणी दोन गवतं आणि दोन द्विदलं एकत्र लावून तीन वर्षं तुलना झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी मिश्रणाचं उत्पादन एकेकट्या पिकांच्या सरासरीपेक्षा जास्त निघालं, आणि बऱ्याच ठिकाणी सर्वांत चांगल्या एकट्या पिकापेक्षाही. हवामान वेगळं आहे, पण द्विदलाच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधला जाणं इथेही तसंच चालतं.

चर्चेत पाऊस मात्र कुणी धरलेला नाही. आमच्या रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जांभ्याच्या जमिनीतून नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारा नत्र, भराभर धुऊन जातं. नुसती चवळी लावली तर पीक काढल्यावर मुळं कुजून सुटलेला नत्रही पाण्याबरोबर जाऊ शकतो. तो उचलायला शेजारी गवताची दाट मुळं हवीत, माझ्या मते मिश्रणाचा कोकणातला खरा फायदा हाच. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) दुखणं मात्र याने सुटत नाही, तो या आम्ल मातीत लोह-ॲल्युमिनियमला अडकून बसतो.

आमच्याकडे नेपियरने पावसाळ्यात चवळीला पार झाकून टाकलं. नेपियरची कापणी झाल्या झाल्या, त्याच्या रुंद ओळींमध्ये पेरली तेव्हाच ती टिकली. भरड वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीवर स्टायलो हा द्विदल चारा जास्त भरवशाचा, आम्लता सोसतो.