हार्ट फेल्युअरमध्ये जाड असलेलं चांगलं, हे खरंय का?

प्रश्न: बाबांना हार्ट फेल्युअर आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३१, म्हणजे जाड, पण हातपाय काडीसारखे आणि सगळं पोटावरच. कुठेतरी वाचलं की या आजारात जाड लोकं जास्त जगतात, आता ते तेच धरून बसलेत. काय करू?

उत्तर: त्याला ओबेसिटी पॅराडॉक्स म्हणतात, पण घोळ बीएमआयचाच आहे हो, त्याला चरबी, स्नायू, अंगात साठलेलं पाणी सगळं सारखंच. २०२३ मध्ये पॅराडाइम-एचएफ या हार्ट फेल्युअरच्या औषधाच्या मोठ्या ट्रायलमधल्या पेशंटचा डेटा कंबर भागिले उंची असा लावून बघितला तर तो फायदा गायब! उलट घेर मोठा तर ॲडमिट व्हायची शक्यता जास्त. टेप घ्या आणि मोजा, उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

उत्तर: मोजा, पण पोट पाण्यानेही फुगतं. आईचं दोन दिवसांत २ किलो वाढलं, आम्हाला वाटलं खाणं वाढलंय, मग घोट्यावर मोज्याचा खोल वळ दिसला तेव्हा ट्यूब पेटली. आणि उपाशी बिपाशी ठेवू नका, स्नायू झडले तर अजून वाईट.

प्रश्नकर्ता: मोजलं. उंची १६५, कंबर १०४. म्हणजे ०.६३. बाबा म्हणतात टेप सैल धरली होती 😀