झडप गोठली म्हणजे तयारी कच्ची नव्हे

सोमवारी (१७ एप्रिल २०२३) स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचं पहिलं पूर्ण उड्डाण दाब राखणारी एक झडप (व्हॉल्व्ह) गोठल्यामुळे थांबवलं, म्हणून काहींनी 'तयारीच कच्ची' म्हटलं. मला ते पटत नाही. आमच्या बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम केलेल्या कुणालाही विचारा, दाबाखालच्या झडपेवर शंका आली की आधी काम थांबवायचं असतं. इथे तर जवळजवळ १२० मीटर उंचीचं रॉकेट, खालच्या टप्प्याला ३३ रॅप्टर इंजिनं, आणि पोटात द्रव मिथेन नि द्रव ऑक्सिजन!

खरी धाकधूक ती ३३ इंजिनं एकत्र पेटण्याची होती. सोव्हिएत संघाच्या एन-१ या चांद्र रॉकेटला पहिल्या टप्प्यात ३० होती. १९६९ ते १९७२ मधली त्याची चारही उड्डाणं फसली. स्टारशिपचा खालचा टप्पा मात्र त्याआधी फेब्रुवारीत जमिनीला बांधून पेटवून पाहिला होता. ३१ इंजिनं चालली, एक आधीच बंद केलं होतं, एक आपणहून थांबलं.

पुनर्वापराचं रॉकेट असलं तरी त्या वेळी दोन्ही भाग समुद्रातच पडणार होते, तेव्हा उतरण्याची वाट बघायची नव्हती. उड्डाणाची पुढची वेळ गुरुवारी (२० एप्रिल) आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला होती. उड्डाणतळावरच्या मनोऱ्याला धक्का न लावता रॉकेट वर जावं, एवढीच माझी मनापासून इच्छा होती.