फलकासाठी माहिती हवी: रग्बीपटू पाद्री रुपर्ट इंग्लिस

नेरुळकर: मुलांच्या रग्बी सरावाच्या मैदानावर इंग्लिस यांचा फलक लावतोय. नेमकं काय लिहावं?

घोडबंदर: जन्म १८६३, लंडन. इंग्लंडकडून १८८६ साली ३ सामने. १९०० पासून केंटमधल्या फ्रिटेंडन गावचे रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री. पन्नाशी उलटल्यावर सैन्यात पाद्री म्हणून गेले. १८ सप्टेंबर १९१६, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली सोमची लढाई, गिंची गावाजवळ: स्ट्रेचरवाल्यांसोबत जखमींना आणताना तोफगोळ्याची कपची लागली, मलमपट्टी चालू असतानाच दुसरा गोळा पडला आणि ते जागीच गेले. हेच मोठ्या अक्षरात घ्या, सामने खाली.

वाशी सेक्टर १७: बापलेकांची गल्लत टाळा. १८५७ ला लखनौची रेसिडेन्सी लढवली ती वडील जॉन इंग्लिस यांनी. आणि ‘कबर’ लिहू नका; रुपर्ट यांचं नाव फ्रान्समधल्या तिएप्वालच्या, ज्ञात कबर नसलेल्या सैनिकांच्या स्मारकावर कोरलंय.

नेरुळकर: आभार! मसुद्यात ‘कबर’च होतं, बदलतो.